पाय उचलायचा नाही

कल्पना कर, तू खाडीच्या गुडघाभर पाण्यात उभा आहेस. किंवा उभी आहेस. पाणी कोमट आहे, तळाला बारीक वाळू आहे, आणि तुझ्यापासून दोन हातांवर ती आहे. बघ बरं नीट. दिसली? नाही दिसणार. परातीएवढं पसरट अंग तिने वाळूवर टेकवलं, दोन्ही कडा फडफडवल्या, उडालेली वाळू स्वतःच्याच पाठीवर बसू दिली आणि ती नाहीशी झाली. वर राहिले फक्त दोन डोळे आणि डोळ्यांमागची दोन भोकं. तिचं तोंड पोटाकडच्या बाजूला आहे, वाळूत दाबलेलं. तोंडाने श्वास घेतला तर घशात वाळूच जाईल. म्हणून ती त्या वरच्या भोकांतून पाणी आत ओढते आणि पोटाखालच्या कल्ल्यांतून सोडते. मध्येच कचरा आत गेला, तर त्याच भोकांतून चूळ भरल्यासारखी पिचकारी मारते.

ती वागळी. काही ठिकाणी तिला पाकट म्हणतात. मोरीची, म्हणजे शार्कची, ती चुलतबहीण. अंगात हाड एकसुद्धा नाही, सगळी कूर्चा. कानाची वरची कड चिमटीत धरून बघ, तसली. शेपूट चाबकासारखी, आणि शेपटीवर करवतीच्या दात्यांचा काटा, विषाचा. हा काटा घेऊन ती कुणाच्या मागे लागत नाही. तिला भूक असते ती खेकड्यांची आणि शिंपल्यांची. तुझ्या पायाची नाही. पण चालता चालता तू पाऊल उचललंस आणि नेमकं तिच्या पाठीवर ठेवलंस, तर तू कोण आहेस हे तिला कसं कळावं? शेपूट वर उसळते आणि काटा घोट्यात शिरतो.

आता असं समज, की पाणी गुडघ्याच्या वर चढायला लागलंय. आणि तुला पलीकडे तर जायलाच हवं.

ॲश्लिनला त्या दिवशी असंच जायचं होतं.

ॲश्लिन कुडाळची. पाचवीची परीक्षा संपवून ती आणि तिचा धाकटा भाऊ सॅविओ ईस्टरला देवबागला तेरेझामावशीकडे आली होती. मावशीचं घर खाडीला लागून. घरात ती एकटीच, पण वाडीत तिचं नाव मोठं होतं. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, वाळूतून तिसऱ्या काढण्यात तिचा हात कुणी धरत नसे. खरं तर हात नव्हे, पाय. तिसरी म्हणजे वाळूत पुरून राहणारा छोटा शिंपला. ओल्या वाळूत टाच रोवायची, गरकन फिरवायची, टाचेला काही टणक लागलं की बोटांनी उकरून काढायचं. मावशीची टाच लागेल तिथे तिसरी, असं लोक म्हणायचे.

ईस्टर पुनवेच्या मागोमाग येतो, आणि पुनवेला समुद्राला उधाण असतं. अशा दिवसांत पाणी नेहमीपेक्षा लांब मागे जातं आणि नेहमीपेक्षा उंच चढतं. खाडीच्या मुखाशी वाळूचा एक लांबलचक दांडा उघडा पडतो. किनारा आणि दांडा यांच्यामध्ये मात्र पाण्याची एक धार राहतेच. सुकतीला ती गुडघाभर असते.

सण होऊन दोन दिवस झाले होते. सकाळी उजाडताना चौघं त्या धारेत उतरली: मावशी, शेजारची राधाबाई आणि ही दोन मुलं.

"पाय उचलूचो नाय," मावशीने सांगितलं. "वढीत न्हेवचो. जमीन सारवल्यासारखो."

"कित्याक?" सॅविओने विचारलं. तो सहा वर्षांचा. त्याचं जवळजवळ प्रत्येक वाक्य 'कित्याक'ने, म्हणजे 'का'ने, सुरू व्हायचं.

"कोणाच्याय घरात जाताना आधी दार वाजवतंस मां? तसाच. पाय वढलो की वाळू हलता, वागळेक कळता कोणतरी येता. ती आपली उठान जाता."

"आणि उचललो तर?"

राधाबाईने लुगडं वर घेऊन घोटा दाखवला. तिथे बोटाएवढा खोलगट वण होता. "तर ह्या असा. माका लागलो तेव्हा मी माझ्या बाबलीच्या येळच्या बाळंतपणात बोंबललंय नाय तितक्या बोंबललंय. आख्खी वाडी धावान इली. लोकांका वाटला चोर शिरलो!"

"मग काय केलास काकी?" ॲश्लिनने विचारलं.

"काय करतलंय? सोसात तितक्या गरम पाण्यात पाय घालून बसलंय आणि डॉक्टराकडे नेयपर्यंत सासूक गाळ्यो घातलंय. डॉक्टरान काट्याचो तुकडो काढलो तेव्हा खंय गप झालंय." मग ती ॲश्लिनकडे वळून म्हणाली, "तुझ्या कुडाळात बरा गो. थय मोटारी आंगार येतत, थय पाय उचललोच पायजे."

सगळी हसली. धार पार झाली. कुणाला काही झालं नाही.

दांड्यावर जागोजाग उथळ खळगे होते, जेवणाच्या ताटाएवढे, आणि त्यांच्या कडेला फुटक्या शिंपल्यांचा चुरा. "ह्यां तिचा ताट," मावशी म्हणाली. "रातच्या भरतीक जेवान गेली."

वागळी जेवते कशी, ते ऐक. भरतीबरोबर ती उथळ पाण्यात येते आणि ओहोटीबरोबर परत जाते. वाळूखालचा शिंपला तिला दिसत नाही, कारण तिचे डोळे वर आणि तोंड खाली. पण तोंडाभोवती तिला बारीक बारीक छिद्रं असतात. कुठल्याही जिवंत प्राण्याच्या अंगातून अगदी सूक्ष्म वीज निघत असते. तुझ्या छातीतूनही निघते. ती वीज या छिद्रांना वाळूतूनही कळते. मग ती तोंडाने पाणी फुंकते, कडा फडफडवते, वाळू उडवते आणि खाली सापडलेला शिंपला जात्यासारख्या चपट्या दातांत भरडून टाकते. कवच थुंकून देते. खळगा तेवढा मागे राहतो. म्हणून मावशी आणि राधाबाई खळगे बघत पुढे जात. वागळी जिथे जेवली, तिथे आणखी तिसऱ्या असणार.

राधाबाईची टाच भराभर फिरत होती. ती नाचतेय असंच लांबून वाटलं असतं. तेरेझामावशी मात्र उकिडवी बसून दोन्ही हातांनी वाळू उपसत होती. ॲश्लिनला ते चमत्कारिक वाटलं. गेल्या वर्षी मावशी अशी बसत नव्हती.

"काय गो तेरेझा," राधाबाई ओरडली, "ईस्टर झालो तरी तुझ्या पायांचो उपास सुटलो नाय?"

"तू आपली टोपली बघ," मावशी म्हणाली. तिच्या आवाजात हसू नव्हतं.

राधाबाईची टोपली भरली. तिने समुद्राकडे पाहिलं आणि टोपली डोक्यावर घेतली. "पाणी फिरला. चल गो."

"तू हो पुढे. माझी अर्धीच आसा."

"आज उधाण आसा, तेरेझा. पोरांका तरी धाड माझ्याबरोबर."

"रवांदे. मदत करतत. मी इलंयच."

राधाबाई धारेकडे वळली. मावशी पुढच्या खळग्याकडे सरकली. मग त्याच्या पुढच्या. खळगे दांड्याच्या पार टोकापर्यंत एकामागोमाग एक गेले होते, आणि मावशी त्यांच्या मागे. राधाबाईच्या निम्मी टोपली घेऊन वाडीत शिरायचं तिला जड जात होतं. ॲश्लिन वाळू उकरायला मदत करत होती. ती मान खाली घालून बसल्यामुळे तिलाही काही कळलं नाही. कळलं ते सॅविओला.

"ॲश्ली," तो म्हणाला, "ताटात पाणी कोण ओतता?"

खळगे भरत होते. वरून लाट येत नव्हती. वाळूतूनच पाणी वर झिरपत होतं. मावशीने मान वर केली. मागे, किनाऱ्याच्या बाजूला, धार रुंद झाली होती. सकाळी जिथे ओली वाळू होती तिथे आता पाण्यावर ऊन चमकत होतं.

"उठा," मावशी म्हणाली. "चला."

ती झपझप चालायला लागली. सॅविओ तिच्या हाताला धरून जवळजवळ पळत होता. ॲश्लिन मागे होती. मावशीच्या पावलांच्या ठशांत तिला काहीतरी लाल दिसलं. एका ठशात, मग दुसऱ्यात.

"मावशे, थांब. तुझ्या पायातसून रगत येता."

मावशीने पाय वर करून दाखवला. टाचेत शिंपल्याचा तुकडा रुतला होता, नखाएवढा, धारदार. ॲश्लिनने तो धरला आणि ओढला. रक्त भळकन आलं. मावशी किनाऱ्याकडेच बघत होती.

"काढलंस काय? लवकर काढ."

"काढलंय," ॲश्लिन म्हणाली.

मावशीने पाय खाली ठेवला आणि चालू लागली. ॲश्लिनच्या पायात कधी साधा काटा मोडला, तर तो काढताना ती घर डोक्यावर घ्यायची. मावशीची चामडी जाड असेल, असं तिने मनाला सांगितलं. पण ते तिला पटलं नाही.

धारेशी पोचल्यावर मावशीने टोपली खाली ठेवली आणि ती तिथेच सोडून दिली. ॲश्लिनला खरी भीती वाटली ती तेव्हा. मावशीने सकाळपासून जपलेली टोपली अशी सोडून दिली, म्हणजे गोष्ट गंभीर आहे. राधाबाई पलीकडच्या माडांत कधीच दिसेनाशी झाली होती. वारा समुद्रावरून येत होता, पण भरती मुखाशी इतकी गडगडत होती की हाकेचा उपयोग नव्हता. डॉल्फिन बघायला निघालेली एक होडी दूर मुखाबाहेर ठिपक्याएवढी दिसत होती. दांड्यावर थांबणंही शक्य नव्हतं. उधाणाची भरती दांडा पुरा गिळते.

मावशीने सॅविओला खांद्यावर बसवलं. "माझ्या मागसून ये. माझ्याच पावलांतसून. वढीत."

ती पाण्यात शिरली. कडेला पाणी अजून नितळ होतं आणि ॲश्लिनला मावशीचे पाय स्पष्ट दिसत होते. पाय ओढला की वाळूचा एक सलग पट्टा मागे उठत जातो. मावशीच्या मागे पट्टा नव्हता. वाळूचे सुटे सुटे ढग उठत होते. पाय वर, पाय खाली. पाय वर, पाय खाली.

"मावशे, तू पाय उचलतंस!"

"खंय उचलतंय? वढतंय मां."

मावशी खोटं बोलत नव्हती. ती ओढतेय असंच तिला वाटत होतं. उकिडवी बसलेली मावशी, टाचेतला तुकडा, आणि आता हे. ती दोन हात पुढे झाली, मावशीच्या शेजारी गेली आणि पाण्याखाली आपलं पाऊल मावशीच्या पावलावर ठेवलं. सगळा भार दिला.

"मावशे, मी आता काय करतंय?"

"काय करतंस? उभी आसस. चल, येळ नाय."

"मी तुझ्या पायार उभी आसंय."

मावशीने खाली पाहिलं. पाणी आता ढवळून गढूळ झालं होतं, काही दिसत नव्हतं. वरून सॅविओ म्हणाला, "कित्याक थांबलव?"

"साखर गो," मावशी म्हणाली. "दोन वर्सां झाली. आधी पायांक मुंग्यो येयत. मग मुंग्यो पण गेल्यो. गोळी घेतंय मी. पण ह्या कोणाक सांगलंय नाय. राधाक कळला तर ती माका खाडीत पाय घालूक देवची नाय. तू पण कोणाक सांगू नको."

पाणी ॲश्लिनच्या कमरेला लागलं.

मावशी म्हणाली, "आयक. मी पुढे जातंय. लागलो काटो तर माका लागात. तू मागे सुखरूप."

"आणि तू पडलंस तर? सॅविओ तुझ्या खांद्यार आसा."

राधाबाईला काटा लागला तो काठाच्या उथळ पाण्यात, तरी तिला उभं राहता आलं नव्हतं. इथे पाण्यात मावशी कोसळली, तर सॅविओ डोक्यावरून त्या ओढीत जाणार. पाय बधीर झाले म्हणून विष बधीर होत नाही. ते अंगात चढतंच.

"मी पुढे जातंय," ॲश्लिन म्हणाली.

"पिसा लागला तुका? तुझ्या आवयक मी काय सांगू?"

"तुझ्या पायांक कळणा नाय. माझ्या पायांक कळता. तू माझ्या खांद्यार हात ठेव. मी थांबलंय की थांब. मी हललंय की हल."

मावशीने एकदा मागे दांड्याकडे पाहिलं. टोपलीच्या भोवती पाणी आलं होतं. तिने ॲश्लिनच्या खांद्यावर हात ठेवला.

ॲश्लिनने उजवा पाय पुढे सरकवला. मग डावा. तळव्याखाली सगळं काही होतं: बारीक वाळू, मग खडे, एक फुटका शिंपला, काहीतरी शेवाळासारखं बुळबुळीत. घाई करावी असं तिच्या सगळ्या अंगाला वाटत होतं. पाणी चढत होतं, सॅविओ मुसमुसत होता, माड जवळ दिसत होते. आणि घाई केली की पाय उचलला जाणार. तुला कधी असं झालंय का, की पळावंसं वाटतंय आणि पळायचं नाही? तेव्हा माणसाचे पाय मालकाचं ऐकत नाहीत. ॲश्लिन मनातल्या मनात म्हणत होती, सारव. सारव. सारव.

अचानक तिच्या अंगठ्यापुढे वाळू थरथरली आणि काहीतरी भुर्रकन निघून गेलं. पाण्यावर गढूळ धुराची एक रेघ उमटली आणि खाडीच्या आत वळली.

"गेली," सॅविओ वरून ओरडला. "काळी! पतंगासारखी!"

"ओरडू नको," मावशी म्हणाली. तिची बोटं खांद्यात रुतली होती. "गेली मां? चल बाय. बेस करतंस."

पाणी छातीशी आलं आणि मग एक नवीनच संकट उभं राहिलं. खोल पाण्यात अंग हलकं होतं, हे तुला पोहताना कळलं असेल. ॲश्लिनचे पाय आपोआप तळ सोडायला लागले. ती ओढत होती, पण तळवा वाळूवर टेकतच नव्हता. एकदा भरतीच्या ओढीने तिचं पाऊल वर उचललं गेलं आणि ते खाली कुठे पडेल या भीतीने तिने डोळे मिटले. पडलं ते वाळूवर.

"मावशे, दाब," ती म्हणाली. "माझ्या खांद्यार दाब. जोरात."

मावशीला लगेच समजलं. तिने दोन्ही हात ॲश्लिनच्या खांद्यांवर ठेवले आणि वरून भार दिला. सॅविओ मावशीच्या मानेला मिठी मारून बसला. पाय पुन्हा तळाला लागले. आता एकीचा भार आणि चार पायांपैकी फक्त दोनच कामाचे, अशी ती वरात पुढे सरकू लागली.

अर्ध्यापुढे गेल्यावर ॲश्लिनचा अंगठा एका कडेला लागला.

मऊ, निसरडी कड. ओल्या चामड्यासारखी. ॲश्लिन थांबली, मावशीही थांबली. आता ती उठेल, असं ॲश्लिनला वाटलं. पण ती उठली नाही. पहिलीसारखी घाबरट नव्हती ही. कड तिच्या अंगठ्यापासून डावीकडे जात होती, जात होती, संपतच नव्हती. केवढी असेल?

वागळी अंडी घालत नाही. पिल्लं तिच्या पोटातच वाढतात आणि उथळ, उबदार पाण्यात जन्माला येतात, दोन्ही बाजूंच्या कडा पानाच्या विड्यासारख्या गुंडाळून. पिल्लाच्या काट्यावरही तेव्हा मऊ आवरण असतं, आईला लागू नये म्हणून. ही कदाचित पोटुशी असेल, शेवटच्या दिवसांत जड झालेली. कदाचित नुसतीच हट्टी असेल. पाण्याखाली कोण विचारायला जाणार?

"काय झाला?" मावशी कुजबुजली.

"आसा. हलणा नाय."

"मोठी?"

"मोठी."

पाणी ॲश्लिनच्या काखेला टेकलं. उजवीकडून वळसा घालावा तर तिकडे धार आणखी खोल. डावीकडे वागळी. पण डोकं कुठे आणि शेपूट कुठे, ते कळल्याशिवाय डावीकडेही जाता येत नव्हतं. ती श्वास रोखून उभी राहिली. तेवढ्यात तिच्या नडगीवर पाण्याची बारीकशी पिचकारी बसली. मग थोड्या वेळाने पुन्हा. वागळी चूळ टाकत होती. म्हणजे डोळ्यांमागची ती भोकं इथे, समोर. म्हणजे डोकं तिच्याकडे होतं, आणि शेपूट पलीकडे, किनाऱ्याच्या बाजूला.

नेमकं त्यांना जायचं होतं तिकडे.

ॲश्लिनने पाय मागे घेतला नाही, पुढेही टाकला नाही. पायाच्या बोटांनी तिने थोडी वाळू खरवडली आणि ती त्या मऊ कडेवर हळूच लोटली. पुन्हा थोडी. जणू कडी वाजवत होती. उठ गो. आमका जावचा आसा.

काही झालं नाही. सॅविओ दात वाजवत म्हणाला, "ॲश्ली, पाणी माझ्या पायांक लागला." मावशीच्या खांद्यावर बसलेल्याच्या पायांना पाणी लागलं होतं.

तिसऱ्यांदा तिने वाळू लोटली.

सगळा तळच उठल्यासारखा झाला. एक जाड, जड कड तिच्या दोन्ही नडग्यांवरून सरकत गेली आणि पाण्याच्या रेट्याने तिचे गुडघे हलले. पाय उचलावा, किंचाळावं, पळावं, असं तिला वाटलं. तिने दात आवळले आणि बोटं वाळूत रोवली. शेवटी एक बारीक दोरी घोट्याला चाटून गेली. ती शेपूट होती. ती नुसती चाटून गेली, बस्स. पाण्यावर गढूळ वर्तुळ उठलं आणि दांड्याच्या बाजूला विरलं. तिथल्या खळग्यांवर आता भरपूर पाणी झालं होतं.

"गेली," ॲश्लिन म्हणाली. "दाब, मावशे. चल."

पुढचं अंतर थोडंच होतं, पण ते संपता संपेना. पाणी काखेवरून छातीवर आलं, छातीवरून कमरेवर, मग मांड्यांवर. तरी ॲश्लिन पाय ओढतच होती. पाणी घोट्याला आल्यावरही ओढत होती. कोरड्या वाळूवर पाऊल पडलं तेव्हा ती तशीच उभी राहिली, कारण आता पाय उचलायला हरकत नाही हे तिच्या पायांना पटायला वेळ लागला.

माडांमधून राधाबाई पळत येत होती. लुगडं खोचलेलं, तोंड लाल. "मी घराकडे जावन बघतंय तर तुझा दार बंद! अक्कल आसा काय गो तुका?" ती तेरेझामावशीवर बरसली. "आणि ह्या काय? चेडवाक पुढे घालून आपण मागसून येतंस? इतक्या वर्सांची खाडी तुझी, आणि वागळेच्या तोंडाक पोर दिलंस?"

मावशीने सॅविओला खाली ठेवलं. ओलं लुगडं पिळायच्या निमित्ताने तिने मान खाली घातली. "चेडवाचीच हौस," ती पुटपुटली. "म्हणाला, मी पुढे चलतंय. पोरांचो खेळ."

राधाबाईने ॲश्लिनकडे पाहिलं. "खराच?"

मावशीनेही पाहिलं. रागाने नव्हे. विनवणी करणाऱ्या माणसाच्या नजरेने. उद्या पुन्हा सुकती होती, परवाही होती. या नजरेला हो म्हटलं, तर मावशी उद्या पुन्हा त्या धारेत उतरणार होती, पाय वर, पाय खाली, आणि हाताखाली कुणाचा खांदा नसणार होता.

ॲश्लिनने सॅविओचा हात सोडला आणि मावशीचा घट्ट धरला.

"खेळ नाय, काकी," ती म्हणाली. "मावशीच्या पायांक काय कळणा नाय. दोन वर्सां झाली. तिका एकटी पाण्यात उतरूक देव नको."